साडभाऊचा वाख आन् माहा सोडा

सांगावं का नाही, याच्यातच माहा अर्धा कप संपला. सांगतलं त तुम्ही हसान. नाही सांगतलं त आमची बायको गिरजा सांगीन, आन् ते माह्यापरस जास्त तिखट लावून सांगते. त्याच्यापेक्षा मीच सांगतो बावा.

गाढवपणा त सगळेच करतात. पण दुसऱ्याचं वाटोळं कराले भर उन्हात घाम गाळला, आन् त्याचं सोनं करून ठेवलं, असा गाढव पाह्यला काय तुम्ही कुठी? नसन पाह्यला त पाहून घ्या. समोर बसला आहे, बिडी ओढून राह्यला.

गोष्ट जुनी आहे. मुंबई राज्य मोडून नवा महाराष्ट्र झालता, दुकानात शेर जाऊन किलोचे नवे वजनं आलते. आमचं गाव फुलसावंगीहून दोन कोसावर, नाल्याच्या काठी. शेती सगळेच करत, पण माहं नाव होतं दोरात. धुऱ्यानं अंबाडी पेरायची, कापून नाल्यात सडवायची, साल सोलून वाख काढायचा, आन् त्याचा दोर वळायचा. महागावच्या बाजारात लोक ईचारत, "दौलतचा दोर आहे काय?" शंकरपटातले बैल, मारके गोऱ्हे, सगळे माह्या कासऱ्याले. एक सुटला नाही आजवर. खोटं बोलत असन त जीभ झडो!

आता माहा साडभाऊ. उकंडा त्याचं नाव. आमच्या गिरजीची लहान बहीण यमुना, तिचा हा नवरा. आन् राहे कुठी? आमच्याच गावात, चार घरं सोडून! साडभाऊ दुसऱ्या गावचा असला त माणूस दिवाळीपुरता जळते. मले रोज सकाळी उठून जळा लागे.

काहून म्हणता? अहो, त्याची म्हैस व्याली का वगार होये, म्हणजे उद्याची दुभती म्हैस. आमची व्याली का हाल्या, नुसता नर! दर खेपी हाल्या! त्याच्या हिरीले चैतात पाणी, आमची हीर संक्रांतीलेच बोंबले. आन् सगळ्यात वाईट म्हणजे त्याले राग येत नसे. मी तोंडावर शिव्या घातल्या का तो हसे आन् म्हणे, "दौलतभाऊ, पाणी प्या." अशा माणसाशी भांडावं त कसं भांडावं जी?

तर त्या सालच्या फागुनात नागपूरचा एक साहेब जीप घेऊन आला. काडीसारखा माणूस, शिशीच्या बुडासारखा चष्मा. जीपीत डबेच डबे, बाटल्याच बाटल्या. गावात हवा उठली का देवी टोचणारा आला, म्हणून अर्धे पोट्टे वावरात पळाले.

पण तो भलत्याच कामाचा निघाला. शाळेच्या वसरीत त्यानं बिऱ्हाड मांडलं. त्याच्यापाशी डब्यात राळ होती, कारखान्यातली, मधासारखी घट्ट. पालिष्टर का काय म्हणे तो तिले. वास असा का डोस्कं भनभन करे! तिच्यात दुसऱ्या शिशीतलं औषध थेंब थेंब टाकलं, हालवलं, का घडीभरात ते राळ गोट्यासारखी टणक.

"नुसती राळ ठिसूळ असते," साहेब म्हणे. "काचेसारखी फुटते. पण तिच्यात वाख घातला की फुटत नाही. तुम्ही भिंतीच्या मातीत कुटार घालता ना? तसंच हे."

हे मले पटकन समजलं. कुटाराबिगर भीत उभी राह्यते काय?

"विलायतेत याच्यात काचेचे तंतू घालतात," तो म्हणे. "ते आपल्याला परवडत नाहीत. आपली अंबाडी चालते का, ते पाहायचं आहे. चालली तर तिचे पत्रे होतील. गंज नाही, वाळवी नाही. छपराला घाला, पेरायच्या तिफणीचं चाडं करा."

गावानं आपापला वाख आणला. साहेब एकेक पेंढी हातात घेऊन पाहे. माही घेतली, तोडून पाह्यली, तुटली नाही. म्हणे, "मजबूत आहे. जाड आहे." आन् ठेवली बाजूले. बस, इतकंच! मंग त्यानं उकंड्याची पेंढी उचलली. बोटावर घेतली, उजेडात धरली, आन् गालावरून फिरवली हो! म्हणे, "अरे वा! हे तर रेशीम आहे."

रेशीम! माह्या टकुऱ्यात कोणीतरी शेगडी पेटवली.

बाजूले गिरजा उभी. ते म्हणते, "खरंच मऊ आहे वो उकंडाभाऊजीचा वाख."

"मऊ आहे त गादी भर त्याची!" मी म्हणलो.

आमच्या दोघाईच्या पेंढ्या साहेबानं निवडल्या. म्हणे, "आठ दिवसांनी चांगला साफ केलेला वाख आणून द्या. दोघांच्या वाखाचे दोन पत्रे करतो. ज्याचा पत्रा जास्त वजन पेलेल, त्याला महिनाभर नागपूरला नेईन. आमच्या प्रयोगशाळेतल्या लोकांना वाख कसा निवडायचा, कसा विंचरायचा, ते शिकवायला."

आता पाहा. मी तिसरीत दोनदा नापास झालेला माणूस. मास्तरानं मले शाळेतून हाकललं त मी मास्तरच्या सायकलीची हवा सोडून घरी आलतो. आन् मी नागपूरले जाऊन शिकलेल्या लोकाईले शिकवीन! डोयापुढं सगळं दिसाले लागलं. फेटा, जीप, पुढची सीट.

आन् दुसऱ्याच घडीले दुसरं दिसलं. जीपीच्या पुढच्या सीटवर उकंडा. यमुना हिरीवर सांगून राह्यली, "आमचे हे नागपूरले गेले ना, साहेबाईले शिकवाले." आन् आमची गिरजा घागर कमरेवर घेऊन ऐकून राह्यली. नाही जी! मरण परवडलं!

मंग म्या डोस्कं चालवलं. हसू नका, चालते माहं डोस्कं. चालते, पण उलटं चालते, इतकंच.

आमच्या धंद्यात दोन गोष्टी नागड्या पोट्ट्यालेबी मालूम. एक, दोराले तेल पाजा, तो बैलापरस जास्त जगते. दोन, दोराले खार लागू देऊ नका, खारानं दोर मरते. मंग हिशेब सोपा होता. माह्या वाखाले तेल, साडभाऊच्या वाखाले खार!

घरात एरंडीच्या तेलाची बरणी होती. गिरजीनं केसासाठी, दिव्यासाठी सालभराची करून ठेवलती. म्या सगळी ओतली. माहा वाख असा चमके, असा चमके, जसा नवरदेव हळदीतून उठला!

"अवो, एरंडीच्या तेलाची बरणी रिकामी काहून आहे?" गिरजा.

"मांजरीनं पेली असन."

"एरंडीचं तेल? मांजरीनं? मंग मांजर अजून घरात कशी?"

बायकोले इतकी अक्कल देव कायले देते, मले समजत नाही.

फुलसावंगीच्या बाजाराच्या दिवशी सगळं गाव बाजारात. उकंडा गेला, यमुना गेली, गिरजा गेली. मी म्हणलो, माहं पोट कसंतरी होते, मी नाही येत. ते गेल्याबरोबर चुलीवर पाण्याचा गंज चढवला. दोन मुठी धुण्याचा सोडा, वरून चुलीतली राख. मंग उकंड्याचं हसणं आठवलं, अजून एक मूठ टाकली. मंग साहेबाचं 'रेशीम' आठवलं, अजून एक! ते उकळतं पाणी बकिटात ओतलं, वरून झाकण, आन् निघालो.

उकंड्याच्या आंगणात वाख वाळवणीवर टांगलेला. बाजूले गुराची पाणी प्याची दगडाची डोणी. म्या बकीट डोणीत ओतलं, वाख ओढला, आन् दिला बुडवून. मर साल्या!

"कोण हाय रे तिकडं?"

उकंड्याची बुढी माय! बाजीवर गोधडी पडलेली दिसलती, तिच्यात माणूस असन असं कोणाले वाटते? पण गोधडी उठून बसली.

"मी... दौलत, मावशी."

"काय करून राह्यला बापा?"

आता काय सांगू? दुसरं काही सुचेचना. "काही नाही मावशी. साडभाऊचा वाख धुवून राह्यलो."

मी म्हणलो, मेलो. पाहतो त काय, बुढी पदरानं डोये पुसून राह्यली!

"पोटच्या पोराले सुचलं नाही, सुनीले सुचलं नाही. आन् तू, बाजार सोडून, उन्हातान्हात... कोणत्या जन्माचा भाऊ रे तू त्याचा!"

"होते मावशी. तुम्ही निजा."

पण ते कसची निजते! काठी टेकत आली आन् डोणीच्या काठावर बसली. "कायनं धुवून राह्यला?"

"सोड्यानं."

"मंग काढ ना बह्याडा! किती वेळ ठेवशीन? खार राहिला वाखात त माह्या पोराचे हात फाटतीन."

"राहू द्या मावशी, जरासा भिजू द्या."

"काढतो का घालू काठी?"

काढला बाप्पा. मी म्हणलो, आता सुटलो. कुठी सुटते! म्हणते, साध्या पाण्यानं खंगाळ. म्या हिरीवरून पाणी आणलं, खंगाळला. तिनं बोटानं चोळून पाह्यला. "बुळबुळीत लागते. अजून एक पाणी." आणलं. "अजून एक." आणलं! तीन खेपी हिरीवर, त्याच्याच हिरीवर, फागुनात पाण्यानं टम्म भरलेली हीर पाहत पाहत! मंग म्हणते, उन्हात टाकू नको, पिवळा पडते, सावलीत टाक. टाकला. मंग म्हणते, मोकळा कर, गुंता काढ. बसलो गुंता काढत.

गड्याहो, माह्या सख्ख्या वाखाची म्या जिंदगीत इतकी सेवा केली नाही.

पण मनात मी खूश. खार लागला म्हणजे लागला. वाख दिसाले पांढरा फटफटीत झालता, पण मेलेल्या माणसाचं तोंडबी पांढरंच पडते ना?

"मावशी, हे कोणाले सांगू नका," मी म्हणलो. "साडभाऊ लाजन बिचारा."

"मेली त सांगणार नाही," बुढी म्हणे. आन् पदराच्या गाठीतला गुळाचा खडा काढून माह्या हातावर ठेवला. म्या खाल्ला. काय करता? गोड होता.

आठ दिवस झाले. साहेबानं दोन लाकडी साच्यात दोघाईचा वाख सारखा तोलून अंथरला, वरून राळ ओतली, आन् शाळेतले फरशीचे दगड ठेवून दाबून टाकला. दोन पत्रे निघाले, पाटीएवढे. एकावर खडूनं 'दौलत', एकावर 'उकंडा'.

परीक्षेच्या दिवशी सारं गाव वसरीत. बुढीलेबी बाजीसकट आणून ठेवलं होतं. मी फेटा बांधून गेलतो. नागपूरले जाचा होता ना!

दोन बाकं वीतभर फट सोडून ठेवले, मधात पत्रा आडवा. पत्र्याच्या पोटाखाली आकडा, आकड्याले टोपलं, टोपल्यात दुकानातले किलोचे वजनं एकेक करून टाकाचे. पत्रा मोडेलोक.

पहिले माहा. दोन किलो, काही नाही. चार, काही नाही. मी मिशीवर हात नेला. पाच टाकला आन् आतून आवाज आला, करकर करकर, जशी नवी वहाण वाजते. सहावा टाकला, आन् पत्र्याचे पदर सुटले हो! पोळी फुगते ना तव्यावर, तसा फुगला, आन् टोपलं धपकन खाली.

साहेबानं त्याच्यातून वाखाची एक बट ओढली. लोण्यातून केस निघावा तशी अलगद निघाली. म्हणे, "विचित्र आहे. वाख तुटलाच नाही! राळेनं त्याला धरलंच नाही."

माहं तोंड पाह्यासारखं झालतं. पण मी म्हणलो, थांब दौलत. अजून मेलेला वाख येचा आहे. तो त दोन किलोतच जाईन.

उकंड्याचा पत्रा ठेवला. दोन. चार. सहा. आठ. दहा! दुकानदाराचे किलो संपले. साहेबाचा चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. शाळेची घंटा काढून टाकली टोपल्यात. मास्तरच्या घरचा वरवंटा टाकला. पत्रा वाके, पण मोडे ना!

आता माह्या आंगात आलं. मी ओरडलो, "हे काय वजन होय? माणूस ठेवून पाहा माणूस!" आन् कोणी धरायच्या आत बाकावरून उडी मारली त्या पत्र्यावर. तो वाकला. मी अजून नाचलो. तो अजून वाकला. तिसऱ्या खेपी जी जोरात उडी हाणली, का त्यानं मले, खोटं नाही सांगत, गोऱ्ह्यासारखं झटकलं! मी बुढीच्या बाजीवर. फेटा साहेबाच्या राळीत. आन् पत्र्याले नुसती एक रेघ पडली, केसाएवढी.

सगळं गाव ओरडलं. साहेब उकंड्यापाशी धावला. "काय केलं तुम्ही या वाखाला? काहीतरी केलंय नक्की! नुसता वाख असं धरत नाही."

"काही नाही जी," उकंडा म्हणे. "नेहमीसारखाच सडवला, वाळवला."

"मग हा पांढरा कसा? धुतलाय हा कशानं तरी."

"धुतला नाही जी. मायनं सावलीत टाकला, म्हणून असन."

आन् माह्या पाठीमागून, बाजीवरून, बुढी बोलली. "मेली त सांगणार नाही म्हणलं होतं. पण आता राहवत नाही. त्यानं नाही धुतला साहेब. या दौलतनं धुतला! सोड्यानं! बाजार सोडून, तीन पाण्यानं, आपल्या हातानं!"

सगळे माह्याकडं पाहाले लागले. गड्याहो, असं कोणी माह्याकडं पाह्यलं नव्हतं आजवर. उकंड्याच्या डोयात पाणी. यमुना पदर डोक्यावर घेऊन पाया पडाले निघाली. एका घडीसाठी मी देवमाणूस झालतो, बाजीवर बसल्या बसल्या.

साहेब म्हणे, "अहो, तुम्हाला हे कसं माहीत? वाखावर चिकट थर असतो. तो सोड्यानं निघाला, तर राळ वाखाला घट्ट धरते. आमच्या प्रयोगशाळेत यावरच डोकेफोड चालू आहे!" मंग त्यानं माहा फुटका पत्रा उचलला. नाकापाशी नेला. "पण मग स्वतःच्या वाखाला... हे तेल कशाला लावलं? तेलावर राळ कशी धरणार? चोपड्या भिंतीवर शेण टिकतं का?"

"एरंडीचं!" गिरजा लोकाईतून किंचाळली. "माही बरणी!"

साहेब ईचारून राह्यला, "साडूचा सोड्यानं धुतला आणि स्वतःचा तेलानं? असं का?"

आता एखादा शाहाणा असता त गप बसला असता. म्हणला असता, साडभाऊचं भलं व्हावं म्हणून केलं साहेब. फुकटचा देव झाला असता. पण माहं टकुरं तापलेलं! त्यात फेटा राळीत कडक होऊन राह्यलता, तो हातात घेतला त मडक्यासारखा वाजे.

"नासवाले धुतला साहेब!" मी ओरडलो. "नासवाले! मरावा म्हणून खार पाजला त्याले! याच्या म्हशीले वगार होते, याच्या हिरीले पाणी राह्यते, आन् आता नागपूरबी यालेच? या बुढीनं खंगाळाले लावला, नाही त मारला असता म्या तो वाख!"

साहेबाच्या हातातला पत्रा खाली पडला. मंग मास्तर हसला. मंग दुकानदार. मंग जे गाव हसलं ना, तिकडं झाडावरचे माकडं पळाले. बुढी तेवढी म्हणत होती, "काय म्हणते वो तो? या गलक्यात मले ऐकू येत नाही, पण लय गुणाचा आहे."

एकटा उकंडा हसला नाही. तो उठला, माठातून गिलास भरला, आन् माह्यापुढं धरला.

"दौलतभाऊ, पाणी प्या."

सांगा मले, याले मारू नाही त काय करू? पेलो. घसा सुकलाच होता.

साहेबानं वही काढली. "सोडा किती घेतला होता?"

"कोण मोजते साहेब! राग आला तितका टाकला."

"तरी? किती मुठी?"

मंग मले आठवून आठवून सांगा लागलं. दोन मुठी आधी. एक त्याच्या हसण्याची. एक रेशमाची. साहेबानं चार लिहिल्या. बुडवून किती वेळ ठेवला? बुढी काठी घेऊन येईलोक. तेबी त्यानं लिहिलं.

नागपूरले कोण गेलं, सांगाले पाहिजे काय? पुढच्या सीटवर बसून गेला. मी कुपाटीच्या मागून पाहत होतो. त्यानं जीप थांबवली आन् मले हात केला. आन् महिन्यानं आला त संत्र्याची टोपली घेऊन पहिले माह्या घरी! म्हणे, "दौलतभाऊ, तिकडं सगळ्याईले सांगतलं म्या, हे माह्या साडभाऊचं डोस्कं आहे." जळाचीबी सोय ठेवली नाही या माणसानं.

गावानं त म्हणच करून टाकली. कोणाचं काही चांगलं व्हावं असं वाटलं का म्हणत, "दौलतले सांग, नासवून देते."

संत्रे आले त्या रात्री गिरजीनं जेवाले बसवलं. भाकर वाढली, वरण वाढलं. तिच्या डोक्याले तेल नव्हतं, केस वाख झालते. मी संत्रं सोलून खाऊन राह्यलो. गोड होतं, त्याचाबी राग आला.

मंग तिनं हळूच ईचारलं, "अवो, एक सांगू?"

"सांग."

"तुम्ही ज्याच्यावर जळता, त्याचं भलं होते. आपली म्हैस गाभण आहे. आजपासून जरासं तिच्यावर जळून पाहा ना. यंदा वगार त होईन!"